वड्याची रांग सोडून शेवटच्या डब्याकडे जाणारा मुलगा

प्रश्न : मावशी, मी २८ वर्षांची, पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. घरी एक स्थळ चालून आलंय. मुलगा राजबिंडा, रोज जिमला जाणारा, बंगळुरूला नोकरी, पगार माझ्या पाचपट. भेटलो, दोन तास छान गेले. काय बोललो ते मात्र दुसऱ्या दिवशी आठवेना. दुसरा मुलगा मैत्रिणीच्या भावाचा मित्र. किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा, शर्टाचं एक बटण कायम चुकलेलं. त्याला रेल्वे इंजिनांचं वेड आहे. परवा आम्ही चौघं मुंबईहून येत होतो. कर्जतला गाडी थांबली, सगळे वड्यासाठी खाली उतरले. हा मला म्हणाला, "चल, मागे जाऊ, चारच मिनिटं आहेत." आम्ही शेवटच्या डब्यापर्यंत अक्षरशः पळत गेलो. तिथे मागून इंजिनं येऊन गाडीला लागत होती. घाटात ढकलायला लागतात म्हणे, त्यांना बँकर म्हणतात. तो हातवारे करून सांगत होता, ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, देशात इतका चढ फार कमी ठिकाणी आहे, वगैरे. माझ्या छातीत धडधडत होतं, ते पळाल्यामुळे असं मी स्वतःला सांगितलं. शेवटी मिळेल त्या डब्यात चढलो आणि आतून चालत आमच्या जागेवर आलो. वडा मिळाला नाही. मैत्रीण म्हणते, "हे प्रेम नव्हे, तू नुसती इम्प्रेस झालीयेस. असली माणसं दोन वर्षांत डोकं खातात." खरं काय मानू?

उत्तर : वडा मिळाला नाही हे तू शेवटी, एवढ्याशा वाक्यात लिहिलंस. कर्जतचा वडा हुकला आणि त्याचा राग आला नाही, म्हणजे प्रकरण पुढे गेलेलं आहे.

इम्प्रेस होणं आणि प्रेम यांत तुझ्या मैत्रिणीने जी भिंत घातली आहे ती मला दिसत नाही. कुणी रुंद खांद्यांवर भाळतं, कुणी आवाजावर, आमच्या वेळी तर एक मैत्रीण एकाच्या इस्त्रीच्या घडीवर भाळली होती आणि तिचा संसार उत्तम झाला. तुझा पाय ३७ ला १ च्या चढावर घसरला, इतकंच. तो चढ मलाही माहीत आहे बरं का. आम्हा नाशिककरांच्या वाटेवर कसाऱ्याचा घाट तोच, तितकाच चढाचा, तिथेही मागून इंजिनं लागतात. पन्नास वर्षं मी त्या गाडीने जाते-येते आहे. ढकलल्याचा हिसका बसला की चहा सांभाळायचा, एवढंच मला ठाऊक. एकदाही मागे जाऊन पाहिलं नाही. (आता तुला वाटेल, मावशी मागून ढकलणाऱ्या नवऱ्याचं रूपक काढणार. नाही काढत. इंजिनाला इंजिन राहू दे.)

माझं सांगते. १९७९ साल, नाशिकच्या आमच्या घरी कांदेपोहे. मी बी.एस्सी. होऊन शाळेत गणित शिकवत होते. मुलगा बँकेत. त्याआधीचे तिघे 'स्वयंपाक येतो का' आणि 'नोकरी सोडणार का' एवढं विचारून गेले होते. वडिलांनी रीतसर म्हटलं, काही विचारायचं असेल तर विचारा. हा म्हणाला, "जन्मसाल?" आईचा चेहरा उतरला. तिला वाटलं, वय लपवल्याचा संशय. मी म्हटलं, १९५६.

त्याने खिशातून एक कोरं पोस्टकार्ड काढलं आणि पोह्यांची बशी बाजूला सारून लिहायला लागला. १९५६ चे आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावले, ९६५१. मग उलटे, १५६९. वजाबाकी, ८०८२. त्याचे पुन्हा तसेच, ८८२० वजा ०२८८, उरले ८५३२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८, बाकी ६१७४. आणि तिथे पेन्सिल आपटून थांबला. "आता पुढे कितीही करा, ६१७४ च येणार. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, फार तर सात वजाबाक्या, की इथेच." देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी हे शोधून १९४९ साली मांडलं होतं. देवळाली आमच्या घरापासून टांग्याच्या अंतरावर, मी गणिताची बाई, आणि मला पत्ता नव्हता! कान गरम झाले माझे.

मी म्हटलं, "आणि ११११?"

तो थबकला. तोवर तो सगळं पोस्टकार्डाशीच बोलत होता. त्याने मान वर केली, पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि चोरी पकडलेल्या पोरासारखा हसला. "शून्य," म्हणाला. "चारही आकडे सारखे असले की गाडी घसरते. हे मी सांगायला हवं होतं." मी होकार दिला तो त्या हसण्याला. ६१७४ ऐकून मला तो हुशार वाटला होता, पण हुशार मुलगे नाशकात पैशाला पासरी होते. आपली चूक दाखवली की ज्याला आनंद होतो असा मात्र मी तोवर पाहिला नव्हता. माझ्या मुख्याध्यापकांना चूक दाखवली की ते आठवडाभर माझे तास बदलायचे.

तेव्हा तुझा रेल्वेवाला किती हुशार आहे याची चौकशी करू नकोस. ऑस्ट्रेलियातल्या काही संशोधकांनी ३८३ जणांना विचारून २०१८ साली छापलं होतं की, शंभरातल्या नव्वदांपेक्षा हुशार असलेला जोडीदार लोकांना सगळ्यांत हवासा वाटतो. नव्व्याण्णवांपेक्षा हुशार म्हटलं, की ओढ जरा उतरते. मला हसू आलं. नव्वद आणि नव्याण्णवात फरक कुणाला कळतो? कांदेपोह्यांत तर नाहीच कळत. बघायचं ते एवढंच, की त्याला ऐकणारी हवी आहे की सोबत हवी आहे. दोन्ही वेळा डोळे सारखेच चमकतात, म्हणून फसगत होते.

आणि यासाठी परीक्षा तुझ्याच टेबलावर आहे. तू रक्ताच्या स्लाइडी बघतेस. जांभळ्या रंगात रंगवलेल्या त्या काचेवर मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत अंगठीसारखा बसलेला असतो, नाही का? डेंग्यूच्या दिवसांत मशीनने प्लेटलेट कमी दाखवल्या की तुम्ही स्लाइड करून पुन्हा डोळ्यांनी मोजता, हे माझ्या भाचीने मला सांगितलंय, तीही याच कामात आहे. हे तू त्याला कधी सांगितलंस का? मला शंका आहे. तुझ्या अख्ख्या पत्रात तू त्याच्याकडे बघतेस, तो इंजिनाकडे बघतो. तू बोललेली एक ओळ त्यात नाही. पुढच्या भेटीत तू बोल. मशीन असताना डोळ्यांनी का मोजावं लागतं, ते सांग. त्याने दुसरा प्रश्न विचारला तर बरं. पहिला प्रश्न सभ्य माणूस कोणीही विचारतो. दुसऱ्यासाठी पहिल्याचं उत्तर ऐकलेलं असावं लागतं. आणि तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो "अगं हे डब्ल्यूएजी-सेव्हन इंजिनासारखंच" म्हणून आपल्या रुळांवर गेला, तर इंजिनं बघायला जरूर जा, साडी खरेदीला जाऊ नकोस.

'डोकं खातात' हे मात्र खरं आहे, मैत्रिणीला सांग. नवरा जादूचा चौरस (आडवी-उभी बेरीज सारखीच येणारं आकड्यांचं कोडं) मांडताना दूध गॅसवर विसरल्यामुळे जळालेली चार पातेली मी स्वतः भंगारवाल्याला दिली आहेत. ते सोसतं. न सोसणारंही सांगते. माझी आई गेली तेव्हा काय बोलावं हे याला सुचेना, म्हणून पंधरा दिवस हा बोललाच नाही. मला बाजूला बसणारं कोणीतरी हवं होतं आणि हा आतल्या खोलीत कसलेसे कागद लावत बसलेला. सोळाव्या दिवशी त्याने एक फाइल पुढे केली. आईच्या सहा वर्षांच्या आजारपणाच्या सगळ्या चिठ्ठ्या, तारखेने लावलेल्या, प्रत्येक औषध कधी चालू झालं आणि कधी थांबलं याच्या तक्त्यासकट. मी ती भिंतीवर भिरकावली. त्यावरून आम्ही वर्षभर भांडलो. ती फाइल आता माझ्या कपाटात आहे, साड्यांखाली. पण ते पंधरा दिवस काही त्या फाइलीने भरून आले नाहीत, आणि हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

राजबिंड्याला मात्र उगाच बाद करू नकोस. दिसायला चांगला असणं हा काही दोष नाही. त्याला विचार, कोणी पैसे देत नाही, कोणी बघत नाही, तरी रात्री जागून काय करतोस? जिमचं शरीरशास्त्र सांगायला लागला आणि त्यात तू रमलीस, तर मला पुन्हा लिही. मग माझी पंचाईत होईल.

प्रश्न : मी लातूरचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. सगळे 'स्कॉलर' म्हणतात. हल्ली मुलींना चष्मेवाले, अभ्यासू मुलगे आवडतात असं रील्समध्ये दाखवतात, पण माझ्याकडे मुली फक्त परीक्षेआधी येतात, नोट्स नेतात आणि निकालानंतर 'थँक्यू भावा' म्हणतात. एकीला मी मनापासून मदत केली. तिला एकदा 'आर्टिफिशियल' चा उच्चार नीट सांगितला तर ती चिडलीच. माझं काय चुकतं?

उत्तर : बाळा, चुकलं ते तू स्वतःच लिहून पाठवलंस. ती काहीतरी सांगत होती आणि तू उच्चार ऐकत होतास.

रील्समधला चष्मेवाला मुळात देखणा नट असतो, चष्मा नंतर चढवतात, तेव्हा त्याच्या नादी लागू नकोस. नोट्स देत राहा, चांगलं काम आहे, पण त्याच्या बदल्यात काही येणं आहे असं मनात धरू नकोस. वाण्याच्या वहीसारखं तोंड होतं मग आपलं, आणि पोरींना ते लांबून दिसतं. अभ्यासक्रमात नसलेलं असं तुला काय आवडतं? पत्रात त्याचा शब्दही नाही. पहिला नंबर हा काही छंद नव्हे. काही नसेल तर एखादा बंद पडलेला मिक्सर उघडून बस. आणि 'भावा' म्हणालेल्या मुलीला पुन्हा विचारायला जाऊ नकोस. ते उत्तर आहे.

प्रश्न : माझी मुलगी ३१ वर्षांची, बेडकांवर पीएच.डी. करते. पावसाळाभर आंबोलीला असते, रात्री बॅटरी घेऊन रानात. दोन स्थळं आली. दोन्ही वेळा तिने अर्धा तास बेडकांवर बोलून घालवला आणि दोन्हीकडून 'पत्रिका जमत नाही' असा निरोप आला. पुढच्या वेळी तिला जरा कमी बोलायला सांगू का? वयही वाढत चाललंय. — एक आई, सांगली

उत्तर : ताई, नका सांगू. ती गप्प बसली म्हणून पत्रिका जमली, तर लग्नानंतर तिला किती वर्षं गप्प बसावं लागेल? दोन मुलगे अर्ध्या तासात कळले. मी तर म्हणेन स्वस्तात सुटलात.

वयाचं म्हणाल तर कमला भागवतांचं उदाहरण देते. लेखिका दुर्गा भागवतांची बहीण. बंगळुरूच्या संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, तर त्या हटून बसल्या आणि घेऊनच राहिल्या. केंब्रिजला बटाट्यावर काम करता करता वनस्पतींच्या पेशींतलं एक महत्त्वाचं द्रव्य त्यांना सापडलं, १९३९ मध्ये डॉक्टरेट झाली. लग्न केलं १९४७ साली, पस्तिशी उलटल्यावर, सोहोनींशी. ते ॲक्चुअरी होते, म्हणजे विम्याच्या गणितातले. बटाटा आणि विमा! पत्रिका कोणी पाहिली असती तर काय म्हणाला असता कोण जाणे. तुमच्या मुलीला कमलाबाई व्हायचं नाही, मला कल्पना आहे, पण ३१ हे काही वय नव्हे.

मला दुसरंच विचारायचं आहे. तिचे ते अर्ध्या तासाचे बेडूक तुम्ही ऐकले आहेत का? आंबोलीला एक हिरवा बेडूक पाण्यावर वाकलेल्या फांदीवर फेसाचं घरटं करतो, अंडी त्यात, आणि पिल्लं तयार झाली की टपटप खाली पाण्यात पडतात. हे मला एका विद्यार्थिनीने एस.टी.त सांगितलं होतं आणि माझा थांबा चुकला होता. तुमच्या घरात हे सगळं फुकट आहे. जुलैत सांगलीहून निघा, दोन दिवस तिच्याकडे राहा. छत्री नेऊ नका, तिथल्या वाऱ्यात टिकत नाही. रेनकोट आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट घ्या. जळवांसाठी मीठ-तंबाखूची पुरचुंडी तीच बांधून देईल.