फसवणूक, सोंग की हुलकावणी?

विचारणा अशी आहे : लेखी उत्तरांवरून यंत्र कोणतं आणि माणूस कोण हे परीक्षकाला ओळखता येतं का, ते पाहणाऱ्या ट्युरिंग चाचणीबद्दल ‘यंत्राने माणसाला फसवलं’ असं सर्रास लिहितात. इथे ‘फसवणूक’ हा शब्द बसतो का?

मला तो खटकतो. फसणारा माणूस बेसावध असतो. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९५० साली ‘माइंड’ या नियतकालिकात मांडलेल्या खेळात परीक्षक पुरता सावध आहे. पलीकडच्या खोलीतून लेखी उत्तरं देणाऱ्या दोघांत एक माणूस आणि एक यंत्र आहे हे त्याला माहीत असतं. ते हुडकायलाच तो बसलेला असतो. म्हणून ‘तोतया’ही नको. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून जो उभा राहिला तो तोतया, कारण लोकांनी त्याला खरा भाऊ मानावं हाच त्याचा दावा होता.

‘सोंग’ बरंच जवळचं. ट्युरिंगच्या मूळ खेळात यंत्र नव्हतंच. एक पुरुष, एक बाई. पुरुषाने बाई असल्यासारखी उत्तरं द्यायची. त्या पुरुषाच्या जागी मग ट्युरिंगने यंत्र बसवलं. दशावतारातला स्त्रीपार्टी आठवतो, नाही का? पण तिथे प्रेक्षक त्याला पकडायला बसलेले नसतात. सोंगात चढाओढ नाही.

चढाओढीसकट नेमका शब्द आपल्या खो-खोच्या मैदानावर आहे : हुलकावणी. पळणारा डावीकडे झुकतो आणि उजवीकडून निसटतो. पाठलाग करणारा चुकतो, पण पंचांकडे तक्रार नेत नाही. ट्युरिंगच्या लेखात ३४९५७ आणि ७०७६४ यांची बेरीज विचारली आहे. सुमारे तीस सेकंदांनी उत्तर येतं १०५६२१. करून बघा, शंभराने चुकलंय! पुढे तो लिहितोच, की हा खेळ खेळणारं यंत्र गणितात मुद्दाम चुका करील. अशी हूल द्यायला समोरचा काय ताडतोय याचा अंदाज लागतो, आणि तो अंदाज बांधणं हे बुद्धीचंच काम आहे.

२०१४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत ‘युजीन गूस्टमन’ या प्रोग्रॅमने तेरा वर्षांच्या युक्रेनी मुलाचं सोंग घेतलं आणि ३३ टक्के परीक्षक चकले. वय कोवळं, इंग्रजी परकं, त्यामुळे चुका खपून गेल्या. ही हुलकावणी मला फार स्वस्त वाटते, तरी ती हुलकावणीच.

‘फसवणूक’ राखून ठेवावा तो यंत्राने भाच्याच्या आवाजात मामाला फोन करून पैसे मागण्यासाठी. आपण कुठल्या खेळात आहोत हे त्या मामांना कुणी सांगितलेलं नसतं. चाचणीबद्दल मात्र ‘यंत्राने परीक्षकाला हुलकावणी दिली’ असं बेलाशक लिहा.