ईसीजी नॉर्मल आला, मग हार्टची काळजी मिटली का?

प्रश्न: वय 52, कोथरूडला राहतो, बीपी 150/95 निघालं, गोळी चालू केलीय. ईसीजी नॉर्मल आहे, रोज वेताळ टेकडी चढतो, मग आता टेन्शन नाही ना?

उत्तर: टेकडी सोडू नका, पण ईसीजी त्या वेळेपुरतं सांगतो हो, पुढच्या दहा वर्षांची गॅरंटी देत नाही. रिस्क काढताना वय, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, सिगरेट सगळं एकत्र धरतात आणि वडील-भावाला 55 च्या आत किंवा आई-बहिणीला 65 च्या आत अटॅक आला असेल तर तेही, लोक नेमकं हेच डॉक्टरांना सांगायचं विसरतात! रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) तपासा, बीपीमुळे किडनीला त्रास झालाय का कळतं, आणि किडनी बिघडली की हार्टचीही रिस्क वाढते. टूडी इको (हार्टची सोनोग्राफी) सगळ्यांनाच लागतो असं नाही, डॉक्टर म्हणाले तरच करा.