बक्षीस नाही मिळालं, तर स्पर्धेचा उपयोग काय?

प्रश्न : माझा मुलगा आयटीतली नोकरी सोडून पुण्यात दोन मित्रांबरोबर कंपनी चालवतो. कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाणा असतो, तिथलं तापमान आणि आर्द्रता बिघडली की मालकाच्या मोबाइलवर इशारा जातो, अशी यंत्रणा त्यांनी केली आहे. तासगाव भागात तीन ग्राहक आहेत. सध्या तिघंही कामं बाजूला ठेवून एका स्टार्टअप स्पर्धेच्या तयारीला लागलेत. एवढ्या गर्दीत यांचा नंबर कुठे लागणार? त्याला नोकरीत परत जा म्हणावं का?
– एक निवृत्त शिक्षक, सांगली जिल्हा

उत्तर : सर, सप्रेम नमस्कार.

तुमची काळजी रास्त आहे, पण त्याला अडवू नका. नंबर लागण्यावर सगळं अवलंबून नसतं. २०१० साली सॅन फ्रान्सिस्कोत टेकक्रंच डिसरप्ट या स्पर्धेत क्विकी नावाची कंपनी पहिली आली आणि वेबसाइटना वेग आणि सुरक्षा पुरवणारी क्लाउडफ्लेअर उपविजेती ठरली. क्विकी पुढे याहूने विकत घेतली आणि ती सेवा बंद झाली. क्लाउडफ्लेअरने मात्र त्याच मंचावरून आपली सेवा लोकांसाठी खुली केली होती. २०१९ मध्ये ती न्यूयॉर्क शेअर बाजारात दाखल झाली.

या मुलांना खरी कमाई होईल ती प्रश्नोत्तरांत. आजवर त्यांचं काम बघितलंय ते मित्रांनी, नातेवाइकांनी आणि बहुधा ओळखीतूनच आलेल्या तीन ग्राहकांनी. परीक्षक अनोळखी असतात, त्यांना कुणाची भीड नसते. ते थेट विचारतात : एका कोल्ड स्टोरेजला यंत्रणा बसवायला किती खर्च येतो आणि तो किती महिन्यांत वसूल होतो? रात्री वीज गेली, मोबाइलला रेंज नसली, तर इशारा पोचतो का? बेदाण्याचा हंगाम सोडून उरलेलं वर्ष कंपनी काय खाणार? तिघांत हिस्सा किती-किती, आणि ते कागदावर आहे का? या शेवटच्या प्रश्नाला भागीदार एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. तयारीच्या निमित्ताने तो विषय आधीच मिटला, तर स्पर्धा हरूनही त्यांचं मोठं काम झालं. पुढे पैसा आल्यावर याच मुद्द्यावरून मैत्री तुटते.

स्पर्धा कोणती आहे, हे मात्र नीट बघायला सांगा. परीक्षकांच्या खुर्चीत कोण बसणार आहे? शीतगृह, शेतमाल, निर्यात यांतलं कुणी असेल, तर एकच ओळख वर्षभराची वणवण वाचवते. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीच्या ‘महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताह’मध्ये निवडक कंपन्या सादरीकरण करतात आणि विजेत्यांना सरकारी खात्यांत प्रत्यक्ष काम करून दाखवण्यासाठी कार्यादेश (वर्क ऑर्डर) दिले जातात. नवख्या कंपनीला सन्मानचिन्हापेक्षा असा कार्यादेश कितीतरी मोलाचा, कारण चौथ्या ग्राहकाच्या दारात तो दाखवता येतो. आयआयटी मुंबईच्या ई-सेलची (विद्यार्थ्यांच्या उद्योजकता कक्षाची) ‘युरेका’ ही स्पर्धा १९९८ पासून चालू आहे; तिथे मार्गदर्शकही मिळतात. नुसतं प्रवेशशुल्क घेऊन प्रमाणपत्र वाटणाऱ्या स्पर्धांच्या वाटेला जाऊ नये.

एक गोष्ट आजच विचारा. सेन्सरच्या जोडणीत किंवा मोजण्याच्या पद्धतीत काही नवीन असेल, तर मंचावर उघड करण्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज केला आहे का? आधी जाहीर झालेल्या गोष्टीवर पेटंट मिळणं अवघड होऊन बसतं. तात्पुरत्या अर्जानंतर संपूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात आणि मान्यताप्राप्त स्टार्टअपना शुल्कात मोठी सवलत आहे. परीक्षक गुप्ततेच्या करारावर सहसा सही करत नाहीत, त्यामुळे काय सांगायचं आणि काय झाकून ठेवायचं, हे आधीच ठरवावं लागतं.

तुमचा राग मला एका बाबतीत पटतो. तिघांनीही काम सोडून तयारी करायची गरज नाही. सादरीकरण एकाने करावं, दुसऱ्याने हिशेब पक्के करावेत, तिसऱ्याने तासगावचे फोन उचलावेत. माल आत असताना यंत्रणा बंद पडली आणि फोन कुणी घेतला नाही, तर तो ग्राहक गेलाच. वर्षाला एक-दोन स्पर्धा पुरेत.

नोकरीत परत जाण्याचा निर्णय या निकालावर घेऊ नका. हंगाम संपल्यावर त्या तीन मालकांपैकी किती जण पुढच्या वर्षाचे पैसे स्वतःहून भरतात, ते बघा आणि मग त्याच्याशी बोला.