एलिस्पॉटच्या वेल कोऱ्या येतायत? आधी टोटल आयजीजी लावा

एलिस्पॉट कोरी येतेय, अँटीजेन बदलू का, ही तुमची पोस्ट वाचली आणि माझंच जुनं दुखणं वर आलं. बूस्टरनंतर सीरममध्ये अँटीबॉडी भरपूर, पण रक्तातल्या गोठवलेल्या पेशींवर मेमरी बी सेलची (लशीची आठवण ठेवणाऱ्या पेशींची) एलिस्पॉट लावली, म्हणजे अँटीबॉडी सोडणारी प्रत्येक पेशी एक ठिपका उमटवते ती चाचणी, की प्लेटच्या वेल (खळगे) कोऱ्या, आणि जो तो सांगतोय अँटीजेन (अँटीबॉडी ज्याला चिकटते तो घटक) बदला. नका बदलू, निदान आत्ता तरी.

कोटिंग, वॉश वगैरे सोडतो. मेमरी बी सेल आपणहून अँटीबॉडी सोडत नाहीत, आधी आर८४८ आणि आयएल-२ (पेशींना चेतवणारी द्रव्यं) देऊन साधारण ५ दिवस वाढवाव्या लागतात, तेही करताय असं धरतो. पण टोटल आयजीजीच्या वेल, म्हणजे अँटीजेन कुठलंही असो, आयजीजी प्रकारची अँटीबॉडी सोडणारी प्रत्येक पेशी जिथे दिसते त्या, कुठेयत? मीही लावल्या नव्हत्या, पेशी वाचवायच्या म्हणून, आणि तेच नडलं. चार महिने अँटीजेनचे लॉट बदलत बसलो, शेवटी वैतागून टोटल लावली तर तीही जवळपास कोरी! म्हणजे अँटीजेन बिचारं निर्दोष, पेशीच मेल्यात जमा.

खोदत गेल्यावर कळलं, पेशींच्या व्हायल (छोट्या कुप्या) जिथे ठेवायला दिल्या होत्या तिथल्या रजिस्टरात 'लिक्विड नायट्रोजन' आणि प्रत्यक्षात उणे ८० च्या फ्रीझरमध्ये महिनोन्महिने पडून. उणे ८० म्हणजे हळूहळू थंड करायचा एका रात्रीचा मुक्काम हो, तिथेच बिऱ्हाड केलं की पेशी खराब होणारच. विचारलं तर म्हणे टाकीत जागा नव्हती, तुम्ही चौकशी केली नाहीत. मेलला उत्तर नाही, फोन केला की हा त्याच्याकडे बोट दाखवतो. अरे, पण बूस्टरआधीचं रक्त आता कुठून आणू? एकदा लस टोचली की ती वेळ गेली ती गेली. असो.

चूक माझीही होतीच. वितळवल्यावर लगेच ट्रायपॅन ब्लूने (मेलेल्या पेशींतच शिरणाऱ्या रंगाने) मोजायचो, ८५ टक्के जिवंत दिसायच्या, म्हणून गाफील राहिलो. त्यातल्या कित्येक मरणाच्या वाटेवर असतात पण रंग अजून आत घेत नाहीत. रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवून परत मोजा, खरा आकडा तेव्हा दिसतो. माझ्या मते हा दुसरा आकडा नसेल तर कोऱ्या प्लेटवरून 'मेमरी तयार झाली नाही' असं लिहूच नये. हे माझ्या हातचं सांगतोय, तुमचा प्रोटोकॉल वेगळा असेल तर गाईडला विचारून करा.

आणि हो, इनक्युबेटरमधली प्लेट अधूनमधून उचलून बघू नका, पेशी सरकतात आणि स्पॉट फराटल्यासारखे येतात.

एखादी व्हायल वाया गेली तरी चालेल, पण टोटल लावून फोटो टाका, मग अँटीजेनचं बोलू.