खांबावरचा कॅमेरा आणि केबलचे अर्थिंग

प्रश्न : शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमची लहान फौंड्री आहे. आवारातील लोखंडी खांबावर कॅमेरा बसवून शील्ड (आतील तारांभोवतीचे धातूचे आवरण) असलेली नेटवर्क केबल ओढली, तरी वळवाच्या पावसात कार्यालयातील नेटवर्क स्विचचे (अनेक नेटवर्क केबल एकत्र जोडणाऱ्या पेटीचे) पोर्ट दोनदा जळाले. असे का व्हावे? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : केबलला शील्ड असणे आणि ते शील्ड जमिनीशी जोडलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोकांना साधे प्लॅस्टिकचे आरजे-४५ कनेक्टर (नेटवर्क केबलच्या टोकाचे नेहमीचे प्लग) असतील, तर शील्ड अधांतरीच राहते. म्हणून धातूच्या कवचाचे कनेक्टर घ्यावेत, केबलमधील उघडी ड्रेन वायर (शील्डला लागून जाणारी तार) त्या कवचाखाली घट्ट दाबावी, आणि खरेदीपूर्वी केबलचा एक तुकडा दुकानात नेऊन तिची व आतील तारांची जाडी कनेक्टरला जुळते का ते पाहावे. स्विचचे पोर्टही धातूच्या कवचाचे आणि अर्थिंग केलेले हवे; दोन पिनांच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या प्लॅस्टिकच्या स्विचला बहुधा अर्थिंगच नसते, आणि आमच्या मते पुष्कळदा घोडे इथेच अडते.

तरीही केवळ शील्ड विजेचा लोट थोपवत नाही, कारण तो आतील तारांतूनही येतो. केबल इमारतीत शिरते तेथे सर्ज प्रोटेक्टर (हा लोट जमिनीकडे वळवणारे उपकरण) बसवून त्याची अर्थ वायर शक्य तितकी आखूड ठेवावी व इमारतीच्या मुख्य अर्थिंगलाच जोडावी. त्याच्यासाठी निराळा, सुटा रॉड ठोकू नये. खांबाला स्वतंत्र अर्थिंग असेल, तर दोन्ही ठिकाणच्या विद्युतदाबातील फरकामुळे शील्डमधूनच प्रवाह वाहू शकतो. अशा वेळी धातूची तार नसलेली फायबर केबल टाकणे उत्तम, मात्र कॅमेऱ्याला वीज वेगळी द्यावी लागेल.