वाकड्या दातांसाठी व्हिनिअर्स बसवावेत की तारा लावाव्यात?

तुमचे वय 28, वरचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले, लग्न पुढच्या वर्षी आणि सहा व्हिनिअर्समध्ये (म्हणजे दातांवर समोरून चिकटवायच्या पातळ पापुद्र्यांमध्ये) दोन-तीन भेटींत काम उरकून देऊ असे एका दवाखान्याने दिलेले आश्वासन, एवढी माहिती तुमच्या प्रश्नात आहे. माझे मत विचाराल तर तारा लावा. आमच्या घरात याच विषयावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे हे उत्तर थोडे लांबणार आहे.

मी डिचोली तालुक्यातील एका शाळेत शिकवते. माझा वरचा सुळा ओळीच्या बाहेर होता आणि त्याच्या शेजारचा दात आत दबलेला होता. पस्तिशी ओलांडल्यानंतर मी बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात जाऊन तारा लावून घेतल्या, तेव्हा थोरल्या वहिनीने सगळ्यांदेखत विचारले, "वन्सं, आता या वयात तोंडात लोखंड घालून कुणाला दाखवायचे आहे?" हाडात मुरलेला दात मोठेपणी हलतच नाही, असेही तिने ठामपणे सांगितले. वस्तुतः दात हाडात मुरत नाही. मुळाभोवतीच्या तंतूंवर सतत हलका दाब राहिला की ज्या बाजूला दात सरकतो तिथले हाड विरघळते आणि मागे नवे हाड तयार होते. हिरड्या व हाड निरोगी असतील तर ही क्रिया चाळिशीतही घडते. वेग मात्र महिन्याला सुमारे 1 मिलिमीटर इतकाच असल्यामुळे घाई असणाऱ्यांना ती नकोशी वाटते. तार बदलली की पुढचे दोन-तीन दिवस मी उकड्या तांदळाच्या पेजेवर काढत असे, आणि तारले या माशाचा एखादा बारीक काटा ब्रॅकेटच्या, म्हणजे तार धरून ठेवण्यासाठी दातावर चिकटवलेल्या तुकड्याच्या, मागे अडकला की तो काढण्यासाठी जेवण सोडून आरशासमोर उभे राहावे लागे. हे सारे त्रासदायक होते, पण माझे सगळे दात आज जसेच्या तसे शाबूत आहेत.

वहिनीने आपल्या मुलीचे, म्हणजे माझ्या भाचीचे, लग्न ठरताच तिला पुढच्या सहा दातांवर व्हिनिअर्स बसवून दिले. तिची ठेवण माझ्यासारखीच होती. ओळीबाहेर आलेला सुळा पोर्सिलेनच्या पातळ पापुद्र्याने आत जात नाही. तो ओळीत दिसावा म्हणून बाहेरून भरपूर घासावा लागतो, आणि पुढच्या दातांचे एनॅमल, म्हणजे बाहेरचे कठीण आवरण, हिरडीजवळ जेमतेम अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. ते संपले की आतला संवेदनशील थर उघडा पडतो, शिवाय त्या थरावर व्हिनिअरची पकडही एनॅमलवर असते तितकी पक्की नसते. भाचीच्या सुळ्याला अशी कळ लागली की अखेर रूट कॅनाल करावे लागले. आत दबलेल्या दातावर जाड थर चढवून तो पुढे आणला होता. त्याच्या कडेशी अन्न साचून हिरडी लाल होई आणि ब्रश केला की रक्त येई. पुढे एका जत्रेत खाजे चावताना एका व्हिनिअरची कडा उडाली. लग्नातील छायाचित्रे सुंदर आली आहेत, हे मी मान्य करते, आणि वहिनीही तेवढेच पुढे करते.

व्हिनिअर्सचा उगमच मुळी छायाचित्रणासाठी झाला. कॅलिफोर्नियातील चार्ल्स पिंकस या दंतवैद्यांनी 1930 च्या सुमारास हॉलिवूडच्या नटनट्यांसाठी केलेले पापुद्रे चित्रीकरणापुरते चिकटवून नंतर काढून ठेवायचे असत. दातावर ते कायमचे बसवणे शक्य झाले, त्यामागे आम्लाने एनॅमल खरबरीत करण्याची 1955 सालची मायकेल बुओनोकोर यांची पद्धत आहे. अर्थात कायमचे म्हणजे पोर्सिलेनचे साधारणपणे 10 ते 15 वर्षे, त्यानंतर पुन्हा नवे. घासलेले एनॅमल पुन्हा येत नाही, कारण ते तयार करणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा होतात. म्हणजे 28 व्या वर्षी सुरू केलेला हा खर्च तुम्हाला उतारवयापर्यंत करत राहावा लागेल.

आता काही गोष्टी तारांच्या विरुद्ध बाजूच्याही सांगते. दात ओळीत असूनही एखादा जन्मतः खुंटासारखा लहान असेल, तुटलेला असेल किंवा डाग आतून असल्यामुळे ते ब्लीचिंगनेही जात नसतील, तर व्हिनिअर हाच योग्य उपाय आहे. दात किंचितच तिरपा असेल तर थोड्या कंपोझिटनेही (दाताच्या रंगाच्या भरणाने) काम भागते. तारांच्या उपचारात जागा करण्यासाठी कधी कधी चांगल्या उपदाढा काढाव्या लागतात. उपचार साधारणपणे दीड ते दोन वर्षे चालतो आणि नंतर रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारे साधन) वापरण्यात हयगय केली तर दात पुन्हा सरकतात; मी अजूनही रात्री रिटेनर लावूनच झोपते. हिरड्यांचा आजार असल्यास आधी तो बरा करावा लागतो, मग पुढचा विचार. मी दंतवैद्य नाही, तेव्हा एक्स-रे काढून ऑर्थोडोंटिस्टचे, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञ दंतवैद्याचे, मत घेतल्याशिवाय कुठेही पैसे भरू नका, आणि व्हिनिअर्स सुचवणाऱ्यांना प्रत्येक दात किती घासणार हे मिलिमीटरमध्ये विचारा. तारा दिसण्याचीच अडचण असेल तर दाताच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट किंवा पारदर्शक अलाइनर (दातांवर बसवायचे, काढता-घालता येणारे साचे) मिळतात. अलाइनर रोज 20 ते 22 तास तोंडात ठेवावे लागतात, तेवढी शिस्त मात्र हवी. तारांनंतर एखाद्या दाताचा आकार खटकलाच तर त्या एकट्यावर व्हिनिअर बसवता येईल, आणि दात ओळीत आलेला असल्यामुळे तो घासावाही कमी लागेल.

वहिनीही हे उत्तर वाचणारच आहे. भाचीच्या व्हिनिअर्सचा, रूट कॅनालचा आणि उडालेल्या कडेच्या दुरुस्तीचा खर्च तिने एकदा एकत्र मांडावा. माझ्या तारांच्या पावत्या मी जपून ठेवल्या आहेत, हव्या तेव्हा दाखवीन.