चार नगरसेवक आणि एक रस्ता : वाचकांचे प्रश्न

महापालिका निवडणुकीनंतर या सदराकडे आलेल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे. पालिकेने काय ठरवले हे रहिवाशांना कळते ते रस्ता उकरल्यावर, बिल दारात आल्यावर किंवा झाडावर करवत चालल्यावर. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे व वस्त्यांचे उल्लेख गाळले आहेत.

प्रश्न : आमच्या प्रभागातून चार नगरसेवक निवडून आले. तुंबलेल्या सांडपाणी वाहिनीची तक्रार घेऊन एकाकडे गेलो, तर त्यांनी तो भाग दुसऱ्यांकडे असल्याचे सांगितले. दुसऱ्यांनी तिसऱ्यांचे नाव पुढे केले. कायद्याने आमचा नगरसेवक नेमका कोण? — एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव

उत्तर : चौघेही. दिनांक १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले. त्यांत मुंबईत एका प्रभागाला एक या हिशेबाने २२७ नगरसेवक निवडले गेले, तर इतरत्र बहुसदस्यीय प्रभागांची पद्धत होती. पुण्यात ४१ प्रभागांतून १६५ सदस्य निवडून आले व त्यांपैकी एक प्रभाग पाच सदस्यांचा आणि बाकीचे चार सदस्यांचे आहेत. मतपत्रिकेवरील अ, ब, क, ड या जागा आरक्षण आणि मतदान यांच्या सोयीसाठी असतात. त्या प्रभागाच्या भूभागाची वाटणी करत नाहीत. निवडून आल्यावर सदस्यांनी गल्ल्या आपसांत वाटून घेतल्या असतील, तर ती त्यांची घरगुती व्यवस्था होय आणि ती रहिवाशांवर बंधनकारक नाही. म्हणून एकच पत्र चौघांच्या नावे लिहावे, प्रत्येकाला त्याची प्रत द्यावी आणि कोणाकोणाला प्रती दिल्या याची यादी पत्राच्या तळाशी ठळकपणे द्यावी.

मात्र वाहिनी तुंबली असेल तर आधी क्षेत्रीय कार्यालयातील मलनिस्सारणाच्या कनिष्ठ अभियंत्याकडे जावे. नगरसेवक यंत्रणेकडून काम करवून घेतो, पण यंत्रणा चालवण्याचा अधिकार कायद्याने आयुक्तांकडे आहे आणि क्षेत्रीय पातळीवर तो सहायक आयुक्त व त्यांचे अभियंते वापरतात. मार्च २०२२ मध्ये पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली. त्यानंतर जवळजवळ चार वर्षे स्थायी समिती (खर्चाला मंजुरी देणारी मोजक्या नगरसेवकांची समिती) व मुख्य सभा (सर्व नगरसेवकांची सभा) या दोन्हींचे अधिकार प्रशासक या नात्याने एकट्या आयुक्तांकडे होते. त्या काळात ज्यांना थेट अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार करण्याची सवय लागली, त्यांनी ती आता मोडू नये. तक्रार लेखी द्यावी आणि आवक-जावक खिडकीवर आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत फिरू नये, कारण हा क्रमांक नसलेल्या तक्रारीचे पुढे काय झाले हे विचारण्यास जागाच उरत नाही.

चौघांनाही एकत्र गाठण्याचे ठिकाण प्रभाग समिती हे आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार या समितीची बैठक दरमहा व्हावयास हवी. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, स्वच्छता व पावसाळी पाण्याचा निचरा यांविषयीच्या सामाईक तक्रारींचे जलद निवारण हे तिचे पहिले काम आहे, आणि अंदाजपत्रकात तरतूद असलेल्या पाच लाख रुपयांपर्यंतच्या कामांना ती मंजुरी देऊ शकते. नगरसेवकांखेरीज परिसरात काम करणाऱ्या मान्यताप्राप्त बिगरसरकारी व लोकाधारित संस्थांमधील जास्तीत जास्त तीन व्यक्तींना तिच्यावर नामनिर्देशित करता येते. या जागांकडे कार्यकर्त्यांची सोय म्हणून पाहण्याची राजकीय पक्षांची सवय जुनी आहे. आपल्या परिसरात खरोखर काम करणारी संस्था असेल तर तिने नियुक्त्या होण्याआधीच लेखी अर्ज करावा, म्हणजे तिला डावलताना निदान डावलणाऱ्यास कारण तरी शोधावे लागेल.

प्रश्न : आमच्या गल्लीचा रस्ता एका वर्षात आधी पावसाळी गटारासाठी, मग जलवाहिनीसाठी आणि शेवटी कोण्या कंपनीच्या केबलसाठी उकरण्यात आला. मधल्या काळात त्यावर डांबरही पडले होते. हे सारे आधी कळावे असा काही मार्ग आहे काय? — सेवानिवृत्त शिक्षिका

उत्तर : मार्ग आहे, परंतु तो रस्त्यावरून जात नाही, कागदावरून जातो. कोणत्याही कामाला आधी अंदाजपत्रकात तरतूद लागते. नंतर अभियंता एस्टिमेट, म्हणजे त्या कामाच्या खर्चाचा तपशीलवार अंदाज, करतो, त्यास मान्यता मिळते, निविदा निघते, स्थायी समिती ती मंजूर करते आणि ठेकेदाराच्या हाती काम सुरू करण्याचा कार्यादेश पडतो. नागरिक जागा होतो तो त्यानंतर, जेसीबीच्या आवाजाने. तोवर पैसा, ठेकेदार आणि मुदत या तिन्ही गोष्टी ठरलेल्या असतात व विरोध केला तरी काम फार तर लांबते, बदलत नाही.

म्हणून सुरुवात अंदाजपत्रकापासून करावी. आयुक्त आपला मसुदा स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात फेरफार करून तो मुख्य सभेपुढे ठेवते व १ एप्रिलपासून तो अमलात येतो. करांचे दर ठरवण्यासाठी कायद्यात २० फेब्रुवारीची मर्यादा आहे. छापील अंदाजपत्रक महापालिकेच्या संकेतस्थळावर असते. वृत्तपत्रे त्यातील एकूण कोटींचा आकडा छापतात. आपल्याला त्या आकड्याचे काहीही काम नाही, आपण थेट आपल्या प्रभागाच्या पानावर जावे. तेथे साधारणपणे अशा भाषेतील ओळी सापडतील : ‘प्रभागात विविध ठिकाणी आवश्यकतेनुसार पावसाळी गटारांची कामे करणे.’ ‘विविध ठिकाणी’ आणि ‘आवश्यकतेनुसार’ हे दोन शब्दप्रयोग दिसले की पेन्सिलीने खूण करावी. त्या ओळीखाली कोणती गल्ली येणार हे बहुधा अजून ठरलेले नसते, किंवा ठरलेले असून लिहिलेले नसते, आणि ठिकाणांची यादी मागण्याची हीच वेळ असते. ती यादी मागणारे एक पत्र एप्रिलमध्ये गेले, तर डिसेंबरमध्ये धरलेल्या धरण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो असे माझे मत आहे.

यादी मिळाल्यावर दुसरा प्रश्न विचारावा, तो खात्यांच्या आपसांतील मेळाचा. पथ, पाणीपुरवठा व मलनिस्सारण हे तीन निरनिराळे विभाग आहेत. त्यांच्या निविदा निरनिराळ्या निघतात आणि एकाला दुसऱ्याच्या कामाची खबर असेलच असे नाही. रस्त्याच्या निविदेत दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत रस्ता खचला वा उखडला, तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावयाचा असतो. पण त्याच मुदतीत दुसऱ्या विभागाने किंवा केबल कंपनीने तोच रस्ता उकरला की ठेकेदार हात वर करतो, आणि त्याचे म्हणणे अगदीच गैरवाजवीही नसते, कारण त्याच्या थराखालची भरणी दुसऱ्याने हलवलेली असते. नवा रस्ता होण्याआधीच ‘या रस्त्याखालील जलवाहिनी व सांडपाणी वाहिनी बदलण्याचे प्रस्तावित आहे काय?’ असे पथ विभागास लेखी विचारून ठेवावे. उत्तर ‘नाही’ असे आले आणि पुढे सहा महिन्यांत खोदाई झाली, तर ते उत्तर आपल्या फायलीतील सर्वांत मोलाचा कागद ठरते.

केबल कंपन्यांना खोदाईची परवानगी पथ विभागाकडून घ्यावी लागते व त्यासाठी शुल्क भरावे लागते. परवान्यात कोठून कोठपर्यंत, किती मीटर आणि किती दिवस हे नमूद असते. काम चालू असताना परवान्याची प्रत पाहावयास मागावी. तेथील मुकादमाजवळ ती नसली, तर जागेचे छायाचित्र काढून त्याच दिवशी कनिष्ठ अभियंत्याकडे पाठवावे. मुकादमाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, तो बिचारा रोजावर आलेला असतो.

हे कागद सहजी मिळाले नाहीत, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर न आल्यास वा अपुरे आल्यास पुढील ३० दिवसांत पहिले अपील करता येते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा व साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा लागतो. बहुतेक अर्ज फसतात ते प्रश्नाच्या धाटणीमुळे. ‘आमचा रस्ता तीनदा का खोदला?’ या प्रश्नाला जनमाहिती अधिकारी उत्तर देण्यास बांधील नाही, कारण तो खुलासा झाला. ‘अमुक रस्त्यावर १ एप्रिलपासून आजपर्यंत दिलेल्या सर्व खोदाई परवान्यांच्या प्रती, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तकातील संबंधित पाने द्यावीत’ ही मागणी मात्र त्याला टाळता येत नाही. मोजमाप पुस्तक अवश्य मागावे. प्रत्यक्षात किती लांबीचे व किती जाडीचे काम झाले म्हणून पैसे दिले गेले, हे त्यातच नोंदलेले असते, आणि घरातली साधी टेप घेऊनही त्यातील लांबी पडताळून पाहता येते.

आपण पुण्यात राहत असाल तर आणखी एक वाट आहे. तेथे २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची प्रथा आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन पदपथ, पथदिवे, बाके अशी छोटी कामे सुचवता येतात व एका कामासाठी पाच लाख रुपयांची मर्यादा ठेवलेली असते. रक्कम लहान आहे, पण निदान त्या कामाचे ठिकाण तरी रहिवाशांनी ठरवलेले असते.

प्रश्न : पुण्यात घेतलेल्या सदनिकेत मी स्वतः राहतो. शेजाऱ्यांच्या मिळकतकराच्या बिलात ४० टक्के सवलत दिसते, माझ्या बिलात दिसत नाही. वाद मिटेपर्यंत बिल भरू नये असा सल्ला मिळाला आहे. — एक वाचक

उत्तर : तो सल्ला मानू नये. थकीत रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती लागते आणि अर्ज दिला म्हणून ती थांबत नाही. बिल मुदतीत भरावे, हरकत लेखी नोंदवावी आणि फरक पुढील बिलात वळता करून मागावा. स्वतः राहत असलेल्या मालकांना मिळणारी ही सवलत पुण्यात १९७० पासूनची आहे. मध्यंतरी ती काढून घेण्यात आली होती व राज्य शासनाच्या निर्णयाने २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली. नवीन नोंदणी झालेल्या सदनिकेस ती आपोआप लागेलच असे नाही. त्यासाठी पीटी-३ नावाचा अर्ज, आपण स्वतः तेथे राहत असल्याच्या पुराव्यासह, मिळकतकर विभागाकडे द्यावा लागतो.

प्रश्न : ‘उद्या संपूर्ण शहरात पाणी बंद’ असा संदेश सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर दर काही दिवसांनी येतो. निम्म्या वेळा पाणी येतेच. विश्वास कशावर ठेवावा? — एक गृहिणी

उत्तर : ज्या संदेशात टाकीचे वा जलकेंद्राचे नाव, परिसरांची यादी आणि तारीख नाही, त्यावर ठेवू नये. पाणीपुरवठा विभागाच्या खऱ्या प्रकटनात या तिन्ही गोष्टी असतात, आणि ‘संपूर्ण शहर’ असा मोघम उल्लेख क्वचितच असतो. पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचे तर बहुधा गुरुवार निवडला जातो व शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येते. आपली इमारत कोणत्या टाकीवर आहे हे एकदा वॉलमनला, म्हणजे परिसरातील पाण्याची झडप उघडबंद करणाऱ्या कर्मचाऱ्याला, विचारून जिन्याजवळच्या फलकावर लिहून ठेवावे, म्हणजे पुढचे पुष्कळसे संदेश न वाचताही चालतील.

प्रश्न : आमच्या कोपऱ्यावरील जुन्या वडाला महापालिकेची नोटीस खिळ्याने ठोकलेली दिसली. पावसाने अक्षरे अर्धी धुऊन गेली आहेत, ‘हरकत’ हा शब्द तेवढा वाचता येतो. आता काय करावे? — ज्येष्ठ नागरिक संघाचे कार्यवाह

उत्तर : आजच छायाचित्र काढावे आणि उद्या उद्यान विभागातील वृक्ष अधिकाऱ्याचे कार्यालय गाठावे. नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे. त्याप्रमाणे झाड तोडण्याचा अर्ज आल्यास वृक्ष अधिकाऱ्याने वर्तमानपत्रात व प्रत्यक्ष झाडावर नोटीस लावून हरकती मागवावयाच्या असतात आणि त्यासाठी अवघे सात दिवस मिळतात. (झाड वाचवण्याच्या नोटिशीसाठी त्याच झाडात खिळा ठोकावा, ही गंमत आपल्याच कार्यालयांना सुचू शकते.) नोटीस वाचण्याजोगी नव्हती हे आपल्या हरकतीचे पहिले वाक्य असू द्यावे व सोबत छायाचित्र जोडावे.

केवळ ‘झाड तोडू नये’ एवढेच लिहिलेली हरकत कमकुवत ठरते. झाडाची जात, छातीच्या उंचीवर मोजलेला बुंध्याचा घेर, अंदाजे वय आणि अर्जदाराला पर्याय काय आहे, म्हणजे प्रवेशद्वार दोन मीटर सरकवणे किंवा फक्त एक फांदी उतरवणे, हे लिहावे. वयाला विशेष महत्त्व आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष मानले जाते, आणि असे झाड तोडण्याच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याची तरतूद आहे. आपल्या संघातील सदस्यांपैकी कोणाकडे त्या कोपऱ्याची जुनी छायाचित्रे असतील, लग्नाच्या वरातीची का असेनात, तर मागे वड दिसत असलेले एक छायाचित्र तारखेसह हरकतीला जोडावे आणि तिच्या प्रतीवरही आवक क्रमांक घ्यावा.